बिऱ्हाड पाठीवर घेण्यापूर्वी

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण आजवर काहीशा कणवेने वापरीत आलो आहोत. ज्याला ठाव नाही, ठिकाण नाही, आज येथे तर उद्या तेथे अशी ज्याची अवस्था, त्याचे वर्णन आपण या म्हणीने करतो. परंतु काळाची गंमत अशी, की ज्यांना चांगली पक्की घरे आहेत अशी माणसेच आता हौसेने बिऱ्हाड पाठीवर घेऊ लागली आहेत, आणि त्यासाठी वर्षानुवर्षांची शिल्लक मोजावयास तयार झाली आहेत. ज्या मोटारीत निजण्याची, रांधण्याची आणि चार वस्तू नीट ठेवण्याची सोय असते, तिला कॅम्पर व्हॅन असे म्हणतात. आजच्या भाषणापुरते आपण तिला ‘बिऱ्हाडगाडी’ म्हणू. अशी गाडी नवी न घेता कोणी वापरलेली घ्यावयाचे मनात आणले, तर आपल्या प्रवासाच्या रीतीला साजेल अशी ती कशी निवडावी, हा आजचा विषय आहे.

हा विषय मी ब्रिटनच्या अनुरोधाने मांडणार आहे. त्याला कारणे दोन. एक तर तेथे या गाड्यांचा जुना बाजार भरभक्कम आहे आणि त्यासंबंधीचे नियमही ठरलेले आहेत. दुसरे असे, की लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ साली स्थापन झाले, यावरूनच त्या देशाशी आपला संबंध किती जुना आहे हे दिसते. आज आपल्यापैकी कित्येकांची मुले तेथे स्थायिक आहेत. एखाद्या रविवारी मुलगा किंवा सून दूरध्वनीवरून सांगते, “बाबा, आम्ही जुनी कॅम्पर व्हॅन घेतो आहोत, तुम्ही आलात की सगळे मिळून स्कॉटलंडला जाऊ.” अशा वेळी नुसते ‘सांभाळून घ्या’ म्हणण्यापेक्षा चार नेमके प्रश्न विचारता आले, तर त्या आशीर्वादाला काही वजन येईल.

हौसेखातर बांधलेल्या फिरत्या घरांत ज्याचे नाव आधी घेतात, ते घर ब्रिटनमधलेच होते. आरमारात शल्यवैद्यकी केलेले गॉर्डन स्टेबल्स नावाचे एक स्कॉटिश लेखक होते. त्यांनी १८८५ साली ब्रिस्टल येथील एका वॅगन कारखान्याकडून ‘वाँडरर’ या नावाचे चाकांवरचे घर बांधवून घेतले. दोन घोडे ते ओढीत. पुढचा रस्ता कसा आहे हे पाहण्यासाठी त्यांचा सेवक तीनचाकी सायकलवरून पुढे जाई. अशा थाटात ते थेट इन्व्हर्नेसपर्यंत जाऊन पोहोचले. पुढे १९४७ साली बेन पॉन नावाच्या डच व्यापाऱ्याने आपल्या वहीत एका डबेवजा गाडीचे रेखाचित्र काढले. त्यातूनच १९५० सालच्या मार्च महिन्यात फोक्सवॅगनच्या कारखान्यात ती सुप्रसिद्ध व्हॅन तयार होऊ लागली, आणि १९५१ पासून वेस्टफालिया या जर्मन कारखान्याने तिला घराचे रूप देण्यास आरंभ केला. १९६० नंतरच्या दोन दशकांत अशाच गाड्या घेऊन युरोपातील तरुण इस्तंबूल, तेहरान, काबूल या मार्गाने भारतात येत. त्यांपैकी कित्येकांनी गोव्यात हणजुणेच्या किनाऱ्यावर मुक्काम ठोकले. १९७९ साली इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्या, आणि तो खुष्कीचा मार्ग बंद पडला.

हा इतिहास सांगितला तो एवढ्याचसाठी, की यांतील प्रत्येकाने आपल्या प्रवासाप्रमाणे आपली गाडी सजविली होती. निवांत चालणाऱ्या लेखकाला लाकडी दालन हवे होते. काबूलच्या वाटेवरील तरुणाला एक गादी आणि एक पेटी पुरेशी होती. नवी गाडी बांधवून घेणारा मनुष्य आपल्या सवयी तीत ओततो. जुनी गाडी विकत घेणारा मात्र दुसऱ्याच्या सवयी विकत घेत असतो. ती कपाटे, ती शय्या, ती शेगडी, ती टाकी, हे सर्व कोणा अपरिचिताच्या प्रवासाचे घट्ट झालेले रूप होय. तेव्हा वापरलेली गाडी निवडणे म्हणजे, ज्याच्या सवयी आपल्यासारख्या होत्या असा पूर्वीचा मालक शोधणे, असे म्हणावयास हरकत नाही. आणि हे साधावयाचे तर आधी आपल्या स्वतःच्या सवयी आपणांस ठाऊक पाहिजेत.

येथेच बहुतेकांचे गणित चुकते. मनुष्य गाडी घेतो ती स्वप्नातल्या प्रवासासाठी, आणि वापरतो ती नित्याच्या प्रवासासाठी. मनात असते नॉर्वेची महिनाभराची सफर; प्रत्यक्षात घडतात त्या शनिवार-रविवारच्या दोन रात्री. म्हणून माझी सूचना अशी आहे, की विक्रीच्या जाहिराती वाचण्यापूर्वी एक कोरा कागद घ्यावा आणि गेल्या दोन वर्षांत आपण खरोखर जे प्रवास केले त्यांचा ताळेबंद मांडावा. घराबाहेर एकंदर रात्री किती काढल्या? बरोबर माणसे किती होती? एका मुक्कामी सरासरी किती रात्री राहिलो? कोणत्या ऋतूत गेलो? जेवण स्वतः रांधले की बाहेर घेतले? या पाच प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे हाती असली, की निम्मी निवड झालीच म्हणून समजा. वर्षातील बहुसंख्य रात्रींना जी गाडी साजेल तीच घ्यावी. अपवादाच्या रात्रींसाठी तंबू आहे, खानावळ आहे, आणि भाड्याची मोठी गाडीही आहे.

या ताळेबंदावरून प्रवाशांचे ढोबळ मानाने तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग फिरस्त्यांचा. आज एका सरोवराकाठी, उद्या दुसऱ्या गावी. एका मुक्कामी एक किंवा फार तर दोन रात्री. अशांना लहान गाडीच चांगली. फोक्सवॅगन ट्रान्सपोर्टर ही या वर्गातील ठळक जात. तिची चौथी पिढी १९९० पासून आणि पाचवी २००३ पासून बाजारात आली. तिचे छप्पर मिटवलेले असता उंची सुमारे २ मीटर भरते, आणि मुक्कामी ते वर उचलून उभे राहण्यापुरती जागा करता येते. ब्रिटनमध्ये पुष्कळ वाहनतळांच्या प्रवेशद्वारावर दोन मीटरच्या आसपास आडवा लोखंडी दांडा असतो. त्याखालून निघेल एवढ्या बेताची गाडी असली तर तीच बाजाराला नेता येते, तीच मुलांना शाळेत सोडावयास जाते. जपानातून वापरलेल्या स्थितीत आणलेली माझदा बोंगो हीदेखील याच वर्गातली. मात्र तिच्या इंजिनाचे पाणी कमी झाले की ते तापून निकामी होण्याचा धोका असतो, म्हणून थंड पाण्याच्या नळ्या आणि टाकी यांकडे विशेष लक्ष पुरवावे. या लहान गाड्यांची उणीवही सांगितली पाहिजे. रोज रात्री बैठक उलगडून शय्या करावयाची आणि रोज सकाळी ती मिटवावयाची. शौचाची सोय म्हटली तर एक लहानशी पेटी. उचलत्या छपराच्या कापडी भिंती तेथल्या हिवाळ्यात थंडी अडवीत नाहीत.

दुसरा वर्ग ठाण मांडणाऱ्यांचा. एका रम्य ठिकाणी जाऊन चार-सहा दिवस स्वस्थ राहावे, वाचावे, पायी हिंडावे, असा यांचा स्वभाव. यांच्यासाठी गाडीच्या सांगाड्यावर स्वतंत्र खोली चढविलेली मोठी गाडी असते. तीत कायमची शय्या, स्नानगृह, उष्णतेची व्यवस्था, मोठे कपाट असे सारे असते. मुक्कामाच्या तळावर तिला वीज जोडून घेता येते. परंतु ही गाडी सहा-सात मीटर लांब आणि सव्वादोन मीटरच्या आसपास रुंद असावयाची. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात कित्येक रस्ते एकाच वाहनापुरते असतात. समोरून वाहन आले की ठरावीक जागी थांबून वाट द्यावी लागते. अ‍ॅपलक्रॉसकडे जाणारा बेलाख-ना-बा हा घाट ६२६ मीटर उंचीवर चढतो, आणि मोठ्या गाड्या व कॅरव्हॅन यांनी त्या वाटेस जाऊ नये, अशी सूचना पायथ्याशीच लावलेली आहे. ज्याला अशाच वाटा प्रिय आहेत त्याने मोठी गाडी घेणे म्हणजे हत्तीवर बसून बोळात शिरणे होय. शिवाय मोठी गाडी एकदा मांडून बसल्यावर पाव आणावयास निघाले तरी सारे घर आवरावे लागते.

तिसरा वर्ग या दोहोंच्या मधला. मुक्काम दोन-तीन रात्रींचा, माणसे दोन, क्वचित तीन. आणि हिवाळ्यातही बाहेर पडण्याची हौस. यांना मालवाहू व्हॅनच्या उंच पोलादी शरीरातच सजविलेली गाडी मानवते. फियाट ड्युकाटो, प्यूजो बॉक्सर आणि सित्रोएन रिले या तीन नावांची पण एकाच कुळातील व्हॅन यासाठी सर्रास वापरतात. तिची रुंदी २.०५ मीटर असल्याने आडवी शय्या घालता येते, आणि लांबी ५.४१ किंवा ५.९९ मीटर अशी निवडता येते. मात्र अडीच मीटरच्या पुढे जाणारी उंची तिला त्या वाहनतळावरच्या दांड्याखालून जाऊ देत नाही, हे विसरू नये.

कोणी विचारील, या तिन्ही वर्गांत आपण कोठे बसतो हे गाडी पाहताना कसे पडताळावे? त्याची परीक्षा सोपी आहे. गाडी पाहावयास जाताना घरातील सर्व माणसे बरोबर न्यावीत. दार लावून घ्यावे, शय्या स्वतः अंथरावी, आणि प्रत्येकाने तीवर आडवे होऊन पाहावे. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते. मग शय्या मिटवून सर्वांनी अर्धा तास आत बसावे. ब्रिटनमधील पाऊस तासन्‌तास पडतो. त्या वेळी ही गाडी म्हणजे घरातली एकमेव खोली. कोण कोणाच्या पायांत येतो, म्हातारे माणूस रात्री उठले तर कोणाला ओलांडून जाते, ओल्या छत्र्या व बूट कोठे राहतात, हे तेव्हाच कळते. विक्रेत्याची घाई असली तरी हा अर्धा तास सोडू नये.

आता स्वयंपाकाचा विचार करू. तेथील पुष्कळ गाड्यांतील शेगडी चहा करावा, डबाबंद पदार्थ गरम करावा, एवढ्याच हिशेबाने बसविलेली असते. आपल्याकडे भाताचा कुकर, फोडणी आणि पोळ्या असा त्रिविध थाट. कुकरची वाफ थंड पत्र्यावर जमून थेंबाथेंबाने भिंतींत मुरते आणि फोडणीचा वास गाद्यांच्या कापडात ठाण देतो. ज्यांना रोज रांधावयाचे आहे त्यांनी शेगडी सरकत्या दाराजवळ आहे काय, तिच्यावर वायुवीजनाची सोय आहे काय, हे पाहावे. काही गाड्यांत मागच्या दाराबाहेर रांधण्याची जागा केलेली असते; उन्हाळ्यात ती आपणांस फार उपयोगी पडेल, पण पावसात ती नसल्यासारखीच. विजेच्या शेगडीवर विसंबण्यापूर्वी एक छोटे गणित मांडावे. १२ व्होल्टच्या १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १,२०० वॉट-तास वीज असते. ती साध्या शिशाच्या जातीची असली तर निम्मीच वापरावी, नाहीतर तिचे आयुष्य घटते. उरलेल्या ६०० वॉट-तासांवर १,२०० वॉटची शेगडी फार तर अर्धा तास चालेल. म्हणून तळावरील वीज न घेता हिंडणाऱ्यांनी गॅसच बाळगावा. त्यातही हिवाळ्यात ब्यूटेन कामाचा नाही, कारण शून्य अंशाच्या सुमारास त्याची वाफच होत नाही. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वाफ देतो. गाडी पाहताना सिलिंडर कोणता आहे, एवढ्यावरून पूर्वीचा मालक हिवाळ्यात हिंडत असे की नाही, याचाही अंदाज बांधता येतो.

यानंतरची गोष्ट वजनाची. ती दिसत नाही, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. प्रत्येक गाडीला भरलेल्या स्थितीतील कमाल वजनाची कायदेशीर मर्यादा असते. समजा, मर्यादा ३,५०० किलोंची आहे आणि वजनकाट्यावर रिकामी गाडी ३,०५० किलो भरली. उरले ४५० किलो. सरासरी ७० किलोंची चार माणसे बसली की २८० गेले. शंभर लिटर पाणी भरले की आणखी १०० गेले. शिल्लक राहिले ७० किलो. त्यांत सायकली, कपडे, धान्य, भांडी आणि सासूबाईंनी दिलेले लोणचे हे सारे बसवावयाचे! मर्यादेबाहेर भरलेली गाडी ब्रेक उशिरा लावते, तिचे टायर तापतात, आणि कायद्यानेही तो अपराध आहे. म्हणून पत्रकातील आकड्यावर विश्वास न ठेवता विक्रेत्यास गाडी वजनकाट्यावर नेण्याची विनंती करावी. मागाहून बसविलेली छत्री, सौरतावदाने, सायकलींचा सांगाडा यांची भर त्या छापील आकड्यात धरलेली नसते.

वजनाचाच संबंध वाहन-परवान्याशी आहे. ब्रिटनमध्ये ज्यांनी मोटारीची परीक्षा १ जानेवारी १९९७ रोजी किंवा त्यानंतर दिली, त्यांचा साधा परवाना डिझेल वा पेट्रोलच्या ३,५०० किलोंपर्यंतच्या गाडीपुरताच चालतो. त्यापूर्वीच्यांना ७,५०० किलोंपर्यंत सवलत आहे, पण सत्तराव्या वर्षानंतर ती टिकविण्यासाठी वैद्यकीय तपासणी द्यावी लागते. भारतीय परवान्यावर तेथे बारा महिनेपर्यंत लहान वाहन चालविता येते. तरीही विमा कंपनीला आधी विचारल्यावाचून पाहुण्याच्या हाती चाक देऊ नये.

वजनापेक्षाही मोलाची गोष्ट आसनांची. ‘चार जणांची गाडी’ असे जाहिरातीत असते, तेव्हा चार जण निजतील असा तिचा अर्थ असतो. चार जण सुरक्षित बसून प्रवास करतील असा असेलच असे नाही. शय्या मोजाव्यात त्या निराळ्या, आणि पट्टे असलेली आसने मोजावीत ती निराळी. आडव्या तोंडाच्या बाकावर मुलांचे सुरक्षा-आसन बसविता येत नाही. हौशी मालकाने मागाहून ठोकलेले आसन असेल तर ते कोणी बसविले, कशाला जखडले, त्याची चाचणी झाली काय, याचा पुरावा मागावा. तो न मिळाल्यास, गाडी कितीही देखणी असो, नमस्कार करून परत फिरावे. येथे चुकीची किंमत पैशांत मोजता येत नाही.

आता प्रत्यक्ष तपासणी. बिऱ्हाडगाडीचा खरा वैरी इंजिन नव्हे, पाणी होय. म्हणून ती लख्ख उन्हात पाहू नये, पाऊस पडून गेल्यावर किंवा पडत असताना पाहावी. वरच्या कपाटांच्या आतले कोपरे, खिडक्यांच्या कडा, छपरावरील झरोक्यांचा परिसर आणि शय्येखालच्या जागा हाताने चाचपाव्यात. दबणारी भिंत, फुगलेला कागद, कुबट वास आणि त्यावर मारलेले अत्तर, ही ओलीची लक्षणे. ओल मोजण्याचे लहान यंत्र मिळते. त्यावर १५ टक्क्यांच्या खालचा आकडा निर्धास्त समजतात, २० च्या वर गेला की काळजी करावी, आणि ३० च्या पुढे आत लाकूड कुजत असण्याचा संभव धरावा. जुन्या पोलादी व्हॅनमध्ये चाकांवरच्या कमानी, दाराखालच्या कडा आणि पुढच्या काचेची चौकट येथे गंज धरतो. ताजा काळा रंग खालून फासलेला दिसला तर तो कशासाठी, असे विचारावे.

इंजिन थंड असतानाच ते सुरू करून पाहावे. आपण पोहोचण्यापूर्वीच विक्रेत्याने ते तापवून ठेवले असेल तर बॉनेटला हात लावताच कळते. टायमिंग बेल्ट केव्हा बदलला याची पावती मागावी. कारण तो अंतराने तसाच वयानेही झिजतो, आणि तुटला तर बहुधा इंजिनही घेऊन जातो. टायरच्या कडेवर शेवटचे चार आकडे असतात; २३१९ असे असले तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला, असे समजावे. या गाड्या धावतात थोड्या आणि उभ्या राहतात फार. म्हणून टायरची नक्षी शाबूत असते आणि रबर मात्र म्हातारे झालेले असते. सात वर्षांच्या पुढचे टायर बदलावयाचे म्हणून त्यांची किंमत सौद्यातून वजा करावी.

गॅसच्या बाबतीत एक सूचना आग्रहाने करतो. गाडीच्या तळाशी गळालेला गॅस बाहेर पडावा म्हणून छिद्रे ठेवलेली असतात. थंडी लागते म्हणून कोणी ती बुजविली असतील, तर ती आधी मोकळी करावीत. अपुऱ्या ज्वलनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू डोळ्यांस दिसत नाही, नाकास कळत नाही. निजलेल्या मनुष्याला तो उठू देत नाही. त्याची सूचना देणारे यंत्र गाडीत असलेच पाहिजे, आणि धुमसत्या निखाऱ्यांची शेगडी ऊब मिळावी म्हणून कधीही आत आणता कामा नये.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगतो. तेथे तीन वर्षांवरील गाडीची दरवर्षी एमओटी ही चाचणी होते, आणि गाडीच्या क्रमांकावरून त्या चाचण्यांचा पूर्वेतिहास कोणालाही सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो. प्रत्येक वर्षी काट्यावर किती मैल होते, परीक्षकाने कशाबद्दल ताकीद दिली, हे वाचले म्हणजे विक्रेत्याच्या कथनाची पारख होते. परंतु ही चाचणी रस्त्यावर चालणाऱ्या वाहनाची असते. त्यातील घराची, म्हणजे गॅसची व ओलीची, ती नसते. त्यासाठी जाणत्या कारागिराकडून स्वतंत्र तपासणी करवावी. नोंदणीपत्र हा मालकीचा पुरावा नव्हे, असे त्या पत्रावरच छापलेले असते. तेव्हा खरेदीची जुनी पावती आणि गाडीवर कर्जाचा बोजा नसल्याची खात्री, दोन्ही घ्यावीत. नोंदणीत गाडीचा प्रकार ‘मोटार कॅरव्हॅन’ आहे की मालवाहू व्हॅन, हेही पाहावे. ३,०५० किलोंपर्यंत रिकाम्या वजनाच्या मोटार कॅरव्हॅनला साध्या दुपदरी रस्त्यावर ताशी ६० मैलांची मोकळीक आहे, मालवाहू व्हॅनला सामान्यतः ५० मैलांचीच. लंडनमध्ये राहणाऱ्यांनी आणखी एक ध्यानी धरावे. २९ ऑगस्ट २०२३ पासून धुराच्या नियमांचे क्षेत्र सर्व उपनगरांना लागू झाले. डिझेलची गाडी युरो ६ या मापाची नसेल, तर ती जितके दिवस त्या क्षेत्रात चालवाल तितके दिवस शुल्क पडते. शहरातच राहणाऱ्या मनुष्याची स्वस्तात मिळालेली जुनी डिझेल गाडी अशा रीतीने महागात जाते.

‘वाटेल तेथे मुक्काम’ या मोहक कल्पनेलाही मर्यादा आहे. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या भूमिसुधारणा कायद्याने माळरानावर हिंडण्याचा व तंबू टाकण्याचा हक्क दिला, परंतु तो मोटारगाड्यांना लागू नाही. इंग्लंडमध्ये जमीनमालकाची संमती लागते. म्हणजे बहुतेक रात्री नेमलेल्या तळावरच काढावयाच्या. आणि तसे असेल तर तेथे वीज, पाणी, स्नानगृह असतेच. मग ते सारे गाडीत वाहून नेण्यासाठी दुप्पट पैसे मोजावेत काय, हा विचार ज्याचा त्याने करावा. गाडी रस्त्यावर नसेल त्या दिवसांचाही विचार करावा. वर्षातून चाळीस रात्री बाहेर काढल्या तरी उरलेले सव्वातीनशे दिवस ती कोठे उभी राहील? दाराशी जागा नसेल तर त्या जागेचे भाडे हीदेखील गाडीची किंमतच.

पैशाविषयी एकच नियम सांगतो. जवळ असलेली सर्व रक्कम गाडीत घालू नये. पाचवा हिस्सा तरी बाजूला ठेवावा. टायर, बॅटरी, बेल्ट, एखादा गळका सांधा, हा खर्च पहिल्या वर्षी येतोच, आणि तो येईल तेव्हा ‘गाडी वाईट निघाली’ असे घरात कोणी कोणाला म्हणण्याची वेळ येऊ नये. खरेदीस हिवाळ्याचा आरंभ बरा. हंगाम संपलेला असतो, विक्रेत्यापुढे गाडी सांभाळण्याचा प्रश्न असतो, आणि पावसामुळे ओलही लपत नाही. आणि शक्य असल्यास, जी जात मनात भरली आहे तिचीच एखादी गाडी आधी दोन रात्री भाड्याने घेऊन पाहावी. दोन रात्रींचे भाडे हे सर्वांत स्वस्त शिक्षण होय.

श्रोतेहो, घर पाहावे बांधून, असे आपले वाडवडील सांगत. बांधलेल्या घराची चूक भिंतींत दडून राहते. चाकांवरच्या घराची चूक रोज रात्री अंथरुणाशी येऊन उभी राहते. पण जिची मापे आपल्या माणसांशी, आपल्या वाटांशी आणि आपल्या ताटाशी जुळली, अशी गाडी वीस वर्षांची असली तरी नवी वाटते. नातवंडे तिच्या खिडकीतून पहिले डोंगर पाहतात, आजी तिच्या पायरीवर बसून चहा घेते, आणि घरातली जी माणसे एरवी चार दिशांना पांगलेली असतात ती एका लहानशा खोलीत पावसाचा आवाज ऐकत बसतात. ते सुख विकत घ्यावयाचे असेल तर बाजारात जाण्यापूर्वी तो कोरा कागद घ्या, आणि गेल्या दोन वर्षांतील आपल्या रात्री त्यावर मोजा. त्या रात्रींचा आकडा खरा असला, की गाडीचा आकडा चुकणार नाही.